हिरूचं हां-बरं

दहिवलीच्या हिरू बडेकरच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा माणूस कर्जतमध्ये शोधूनही सापडायचा नाही. माणूस वाईट नाही हो. उलट हिरू ज्याच्याशी सभ्यपणे बोलतो, त्यानंच जरा विचार करावा की आपलं काय चुकलं. बायकोला, गाडीला, स्टेशनाबाहेरच्या कुत्र्यांना, गिऱ्हाईक उतरून गेल्यावर गिऱ्हाइकाला, प्रत्येकासाठी त्याच्याकडे ठेवणीतल्या शिव्या. लेकीसाठी तर खास. भाविका जन्मली तेव्हा दवाखान्यात तिला पहिल्यांदा हातात घेऊन बाप म्हणाला होता, "काय गं टवळे, आलीस व्हय?" नर्स बघतच राहिली. पुढं पोरगी शिकली, लग्न होऊन पनवेलला गेली, एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायच्या नोकरीला लागली, तिला स्वतःची पोर झाली, तरी बापाचा फोन आला की पहिला शब्द टवळे. अगदीच मूड चांगला असला तर भवाने.

तर असा हा हिरू गेली सहा वर्षं बहिरा होत चालला होता, आणि ही गोष्ट त्यानं कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नव्हती.

बहिरेपण त्यानं स्वतःच ओढवून घेतलं, हे आधी सांगून टाकतो. घरची भाताची खाचरं होती, पण हिरूला चिखलापेक्षा चाकाची ओढ. वीस वर्षं त्यानं विटभट्टीच्या विटा वाहायचा टेंपो चालवला. इंजिन सीटच्या खाली, म्हणजे जवळपास मांडीवरच. तेवढा आवाज कमी पडला म्हणून या गृहस्थानं हौसेनं सायलेन्सर काढून टाकला. का, तर "गाडी येतेय ती गावाला कळली पायजे." गावाला कळायची. टेंपो पळसदरीच्या चढाला लागला की इकडे दहिवलीत भागूबाई, म्हणजे त्याची बायको, तव्यावर भाकरी टाकायची, आणि हिरू दारात यायला भाकरी फुगलेली असायची. वीस वर्षांत कानाचं काय होतंय याचा विचार त्याला एकदाही शिवला नाही. मग रस्त्यालगतचं एक खाचर फार्महाऊसवाल्या मुंबईकराला गेलं, टेंपो भंगारात गेला, आणि अंगणात पांढरी सात सीटर आली. उरलं ते वरचं खाचर. त्यावर मात्र कुणी नजर टाकली तरी हिरूचं डोकं फिरायचं.

ऐकू कमी येतंय हे कळलं तेव्हा त्यानं इलाज शोधला दोन शब्दांचा: हां आणि बरं. समोरचा थांबला की हां. परत थांबला की बरं. फारच वेळ थांबला तर तुज्या मनासारखं कर. शंभरातल्या नव्वद बोलण्यांना एवढ्यात भागतं, विश्वास नसेल तर आज घरी करून बघा. उरलेल्या दहांत माणूस गोत्यात येतो, पण हिरू म्हणायचा नव्वद काय कमी हाय? डॉक्टरकडे जायचं नावच नको. "बहिऱ्याच्या गाडीत कोन बसंल?" हे तो मोठ्यानं कधी बोलला नाही, पण रात्रंदिवस डोक्यात तेवढंच.

या सगळ्यात एक गोष्ट त्याला खरोखर लागली होती. लग्नानंतर भाविकाचे फोन यायचे, आणि त्याला वाटायचं पोरगी फार हळू बोलायला लागलीय. घरात असताना कोंबड्यांना घाबरवणारी ही पोर, आणि आता फोनवर नुसती कुजबुज. सासरी दबली, दुसरं काय! त्या संशयात तो एकदा पनवेलला गेला आणि जावयाकडे, ऋतिककडे, दिवसभर डोळे वटारून बसला. बिचारा ऋतिक दोनदा चहा करून घेऊन आला. हिरूनं तोही संशयानंच प्यायला.

मग नवी गाडी आली, आणि गाडीत तो टेप आला. आता त्याला पडदा आहे, नकाशा आहे, ब्लूटूथ आहे, तरी ड्रायव्हर लोक त्याला टेपच म्हणतात. घेतल्याच्या चौथ्या दिवशी पळसदरीच्या रस्त्यावर फोन वाजला, हिरूनं पडद्यावरचं हिरवं बटण दाबलं, आणि चारी दरवाजांतून भाविका बोलली. बोलली काय, आधी शिंकली. "बाबा, सर्दी झालीय," म्हणाली. तो सर्दीचा घोगरा आवाजसुद्धा हिरूला कळला. पोरगी तशीच होती. तशीच भांडखोर, तशीच मोठ्यानं हसणारी. दोन वर्षं ती दबली नव्हतीच, बापाचाच कान दबला होता. हिरूनं गाडी बाजूला घेतली आणि रडला. मग नाक पुसून म्हणाला, "टवळे, काढा पी," आणि दोघं अर्धा तास भांडले.

त्या दिवसापासून हिरूचे सगळे फोन गाडीत. घरी असला तरी अंगणात जाऊन गाडीत बसायचा, काचा वर, आवाज पूर्ण, घामानं निथळत. त्याला वाटायचं काचा वर केल्या की झालं. प्रत्यक्षात भाविकानं काय भाजी केली, सासूला काय उलट बोलली, पोरीला कितीदा जुलाब झाले, सगळं शेजारची जनाकाकू ओट्यावर बसून ऐकायची आणि संध्याकाळपर्यंत आळीला पोचवायची. लोकांनी त्या गाडीचं नाव ठेवलं होतं हिरूचं हाफिस. हिरूला वाटायचं लोक जळतात.

हे सगळं सोमवारी बंद पडलं.

झालं असं. हिरूचं रोजचं भाडं म्हणजे कर्जत स्टेशनवरून देवेश साहेबांना घ्यायचं आणि कुंभिवलीच्या कंपनीत सोडायचं. सोमवारी सकाळी टेपवर गाणं चालू होतं, एकदम थांबलं, खिशात फोन थरथरला. हिरू रुबाबात समोरच्या काचेला म्हणाला, "बोला!" काच कशाला बोलतेय. "बोला, साहेब, बोला!" पडद्यावर ना नाव, ना हिरवं बटण. आणि देवेश साहेबांचा फोन त्याच्या खिशात नुसता थरथरतोय. शेवटी फोन कानाला लावला तर नेहमीचीच ती घूं-घूं. हिरू म्हणाला, हां. मग म्हणाला, बरं. साहेब सांगत होते की आज खोपोली स्टेशनला ये. हिरू कर्जत स्टेशनला तासभर उभा. नंतर साहेबांनी तोंडावर जे सुनावलं, ते मात्र त्याला नीट ऐकू आलं.

फोनचा स्वतःचा स्पीकर होता, नाही असं नाही. पण गेल्या लावणीला फोन चिखलात पडला होता, तेव्हापासून त्या भोकांतून फक्त खरखर यायची. म्हणजे हिरूचा कान म्हणा, फोन म्हणा, सगळं त्या टेपवर. आणि टेप गाणी वाजवत होता मजेत, फोन मात्र घ्यायला तयार नाही.

मंगळवारी संध्याकाळी भाविकाचा फोन आला. हिरू अंगणात, गाडीत. बटण दाबून बघितलं, थपडा मारून बघितल्या, शेवटी नाइलाजानं फोन कानाला. पिठाच्या गिरणीत उभं राहून कुणी गोष्ट सांगावी तसं काहीतरी येत होतं. भाविका बोलत होती, थांबत होती. थांबली की हिरू म्हणायचा हां. पुन्हा बोलायची, पुन्हा थांबायची, हा म्हणायचा बरं. एका ठिकाणी ती फारच वेळ थांबली, तेव्हा त्यानं ठेवणीतलं काढलं, "तुज्या मनासारखं कर." वीस मिनिटं हे चाललं. ती हसते की रडते तेही कळेना. कुठं थांबते तिकडे लक्ष देण्यात बिचारा इतका गुंतला की टवळे म्हणायचंसुद्धा राहून गेलं.

बुधवारी दुपारी भाविकाचा मेसेज आला. "रविवारी १० ला तयार रहा. आधार कार्ड आणि दोन पासपोर्ट फोटो काढून ठेवा. आईला सांगितलंय."

आता कर्जत-खालापूरच्या माणसाला आधार कार्ड आणि दोन फोटो मागितले, की तो आधी दाराला कडी लावतो. इथं या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुढं तिसरी असते सही, आणि सहीच्या मागं असते जमीन. हिरूनं हे आजूबाजूला इतकं बघितलं होतं की त्याला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. ऋतिकला पनवेलला मोठा फ्लॅट घ्यायचा होता, हे गणपतीतच कानावर आलं होतं. म्हणजे गाडीत कानावर आलं होतं. झालं! लेकीनं वरचं खाचर मागितलं, आणि आपण म्हणालो हां. वर म्हणालो तुज्या मनासारखं कर! रविवारी सह्यांचं सरकारी हाफिस बंद असतंय, हा विचार आला, पण लगेच दुसरा आला, की सह्या घ्यायला हाफिस कशाला लागतंय, घरी येऊन घेतात.

तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं की बाई, आवाज तुटत होता, काय म्हणालीस? पण हे औषध हिरूनं आधीच वापरून संपवलं होतं. गेल्या महिन्यात भागूबाईला तो "आवाज तुटत व्हता" म्हणाला, तर ती फटकन बोलली, "आवाज नाय तुटत, तुमचा कान तुटलाय." त्या दिवशी हिरू जेवला नव्हता. आता परत तेच म्हणायचं म्हणजे कानाचा विषय आपल्या हातानं ताटात वाढून घ्यायचा.

तरी शुक्रवारी त्यानं भागूबाईला चाचपून बघितलं. भागूबाई म्हणजे शेताच्या बांधावरून घरी हाक मारायच्या मापाचा आवाज, आणि बोलायचं तर समोर येऊन, कमरेवर हात ठेवून. हिरूला वाटायचं, बाईला भांडायची हौस आहे.

"भाविका काय म्हनत व्हती गं?"

"तुमच्याशीच बोलली ना इस मिन्टं!"

"बोलली गं. पन तुला काय वाटतं त्याचं?"

"मला काय वाटायचंय? तुमी हां म्हनलात म्हंजे झालं. मला तर खरंच वाटंना. म्या तिला इचारलं, हा मानूस एका दमात हां म्हनला? आधी शुद्धीवर हाय का बघ."

"मंग? तुला चालतंय ते?"

"मला? म्या तर कवाची म्हनतेय, उशीर केलात तुमी!"

हिरू ओट्यावर जाऊन बसला. म्हणजे बायकोसुद्धा सामील. बापाच्या वेळचं खाचर, आणि ही बाई म्हणते उशीर केला! जेवणात त्यानं भाताचा ढीग पुढं घेतला आणि नुसता चिवडत बसला. आता एकच रस्ता. रविवारच्या आत गाडीतला फोन चालू करायचा, भाविकाला लावायचा, तिचा शब्द न् शब्द ऐकायचा आणि मग ठणकावून नाही म्हणायचं. ऐकल्याशिवाय भांडता येत नाही, हीच तर पंचाईत.

गुरुवारी स्टेशनच्या स्टँडवर ड्रायव्हर मंडळींनी आपापलं ज्ञान पाजळून झालंच होतं. एकानं फोन बंद करून चालू केला. एकानं गाडी बंद करून चालू केली. एकानं आरशाला बांधलेलं लिंबू-मिरची सोडलं, म्हणे लोखंडी तारेनं सिग्नल अडतो. एका शहाण्यानं बॅटरीची वायर काढून परत लावली. त्यानं झालं एवढंच, की घड्याळ रात्रीचे बारा दाखवायला लागलं, साल दहा वर्षं मागं गेलं आणि टेप चिनी भाषेत बोलायला लागला. हिरूनं सगळ्यांना यथेच्छ शिव्या घातल्या आणि लिंबू-मिरची परत बांधलं.

म्हणून शनिवारी देवेश साहेबांना कुंभिवलीला सोडून तो तसाच पुढं गेला खोपोलीच्या शिळफाट्याला, साईनाथकडे. साईनाथचं दुकान म्हणजे सीट कव्हर, टेप, लाईट, हॉर्न, गाडीला जे जे लागतं आणि जे जे अजिबात लागत नाही ते सगळं. पंचेचाळिशीचा माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि हात चालले की तोंडही चालतं. दुकानाला खेटून चहाची टपरी आहे, त्यामुळे साईनाथ गाडी उघडून बसला की बघायला चार माणसं आयती मिळतात. आजही होती. दोन टेंपोवाले, एक सीट कव्हरवाला गिऱ्हाईक आणि चहावाला.

साईनाथनं चारी दरवाजे उघडले, टेपची भाषा मराठीवर आणली, फोन हातात घेतला. "गाणी वाजतात, फोन येत नाय. बरोबर?"

"बरोबर."

"मंग सोप्पं हाय, हिरूदादा. फोनला सांगायचं गाडीला इसर, गाडीला सांगायचं फोनला इसर, नि परत नव्यानं सोयरीक जुळवायची." आणि त्यानं फोन हिरूसमोर धरला. पडद्यावर आलं होतं: हे डिव्हाइस विसरायचे?

"नाय इसरायचं!" हिरू असा ओरडला की चहावाल्याच्या हातातली गाळणी पडली.

याला कारण होतं. तीन वर्षांमागं एका मोबाईलवाल्यानं असंच काहीतरी दाबून त्याच्या फोनमधली चारशे नावं उडवली होती. आणि नावं कशी, तर "कुंभिवली पांढरा शर्ट", "वांगणी दोन कुत्रेवाली", "बंगला नळ गळका". ती हिरूशिवाय कुणालाच परत लिहिता आली नसती. पुढचे चार महिने प्रत्येक फोनला त्याला विचारावं लागलं, कोण बोलतंय? आणि उत्तर ऐकू येत नव्हतं. तेव्हापासून फोननं विसरायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो.

"अवो, नावं नाय जात यानं."

"त्यो पन आसंच म्हनला व्हता!"

साईनाथनं कपाळावर हात मारला. "बरं बाबा, नाय इसरत. मंग बसा आता. आत शिरून एकेक बघाया लागंल." आणि तो फोनच्या पोटात शिरला. गाडीच्या नावावर टिचकी, त्याच्या बाजूचं दात्यांचं चाक, मग खाली एक यादी. तिथं तो थांबला. चष्मा वर केला, खाली केला.

"हिरूदादा, हे बघा. गाण्याचा स्विच चालू. नंबरांचा स्विच चालू. नि 'फोन कॉल' म्हनून हा जो मधला हाय, त्यो बंद."

"मंग कर की चालू, येड्या!"

"करतो. पन हा आपोआप बंद व्हत नाय. चुकून बोट लागायच्या जागी पन नाय. कुनीतरी आत जाऊन, शोधून, मुद्दाम केलाय हा."

मुद्दाम! हिरूच्या डोळ्यासमोर मागचा रविवार उभा राहिला. भाविका पोरीला घेऊन आली होती. निघताना गाडीजवळ उभी राहून म्हणाली होती, "बाबा, फोन द्या, पोरीचे फोटो बघते." पाच मिनिटं फोन तिच्या हातात. आणि सोमवारपासून बंद. हिरूच्या अंगाची लाही लाही झाली. बापाला ऐकू येऊ नये म्हणून स्विच बंद करायचा, मग जमीन मागायची, मग त्याच्या तोंडून हां काढायचं? स्वतःची पोर?

"कर चालू," तो म्हणाला. "नि लाव तिला. भाविका नाव हाय."

साईनाथनं स्विच दाबला. पडद्यावर नाव उमटलं, रिंग चारी उघड्या दरवाजांतून शिळफाट्यावर वाजली. आवाज नेहमीप्रमाणे पूर्ण.

"हॅलो." मागं कढईत काहीतरी चुरचुरत होतं, तेसुद्धा ऐकू आलं.

"काय गं टवळे!" हिरू गरजला. "बापाला फशिवतेस?"

पलीकडे झारा कढईत आपटला. मग भाविका म्हणाली, "सापडला वाटतं स्विच."

"म्हंजे तूच!"

"मीच."

"वरचं खाचर मी देनार नाय! आयुष्यभर रुसलीस तरी नाय! ऋतिकला सांग, फ्लॅट घ्यायचा तर स्वतःच्या हिमतीवर घे! हां म्हनलो आसन तर ते मी ऐकून नाय म्हनलो!"

टेंपोवाल्यांनी चहाचे ग्लास खाली ठेवले. असल्या वेळी चहा पिऊन चालत नाही.

"कसलं खाचर, बाबा?"

"आधार कार्ड मागितलंस! दोन फोटो मागितलेस!"

"ते शिबिराला लागतात. कानाच्या. रविवारी पनवेलला शिबिर आहे, कान तपासून मशीन देतात. फॉर्मला फोटो आणि आधार लागतं." कढईखालचा गॅस बंद झाल्याचा आवाज आला. "आणि तुम्ही ऐकून हां म्हणाला नाहीत, हे मला माहितीये. मंगळवारी मी काय म्हणाले ते सांगू?"

हिरूनं दरवाजातून आत वाकून कान टेपजवळ नेला.

"गेल्या महिन्यात बोरघाटात आपल्या मागून टँकर हॉर्न मारत येत होता. पोर माझ्या मांडीवर रडायला लागली, आणि तुम्ही स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतात. तेव्हाच मला कळलं. म्हणून स्विच बंद केला आणि मंगळवारी फोन केला. पहिलंच वाक्य हे, की बाबा, स्विच मी बंद केलाय, तुम्हाला माझं एक अक्षर ऐकू येत नाहीये. येत असेल तर मला शिव्या द्या. चार सणसणीत शिव्या द्या, मी फोन ठेवते, परत कानाचं नाव काढत नाही. तुम्ही म्हणालात, हां." तिनं नाक ओढलं. "मी म्हटलं, बाबा, द्या ना शिव्या. तुम्ही म्हणालात, बरं. मी म्हटलं, मग मी शिबिरात नाव देऊ तुमचं? तुम्ही म्हणालात, तुज्या मनासारखं कर. वीस मिनिटं वाट बघितली मी. एक टवळे नाही निघालं तुमच्या तोंडातून."

चारी दरवाजांतून ती रडत होती. हिरूनं आवाज कमी करायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"तुज्या आईला ठाव हाय?" त्यानं विचारलं.

"सहा वर्षं! ती तुमच्या समोर येऊन, कमरेवर हात ठेवून ओरडते, ती काय हौस म्हणून? पाठीमागून बोललेलं तुम्हाला कळत नाही म्हणून येते ती समोर."

हिरू सीटवर बसला. भागूबाईचे ते कमरेवरचे हात, ते रोजचं समोर येऊन उभं राहणं, आणि आपण सहा वर्षं तिला भांडकुदळ म्हणत आलो. त्यानं स्टिअरिंगवरची धूळ तळव्यानं पुसली. मग हळूच म्हणाला, "बहिऱ्याच्या गाडीत कोन बसंल गं?"

साईनाथ मागून मोठ्यानं बोलला, "चष्मेवाल्याच्या गाडीत बसतात ना लोक? मंग? आंधळा म्हनतात का त्याला?" आणि लगेच चहावाल्याला म्हणाला, "हिरूदादाला चा दे, साखर जास्त."

"बाबा?" भाविका म्हणाली. "ऐकताय ना? की परत हां-बरं?"

हिरूनं बाहीनं डोळे पुसले. सीटवर नीट सरसावून बसला, छाती भरून श्वास घेतला आणि सुरू झाला. टवळेपासून जो निघाला, तो भवाने, सटवे, बापाला हातोहात इकनारे, असा चढत चढत गेला. शिळफाट्यावर जन्म काढलेल्या टेंपोवाल्यांनीसुद्धा दोन-तीन नव्या ऐकल्या. भाविका पलीकडे रडता रडता हसायला लागली, आणि ते हसणंही सगळ्यांना ऐकू आलं. दम लागला तेव्हा हिरू थांबला.

"ह्या मंगळवारच्या," तो म्हणाला. "उद्या धाला तयार हाय मी. नि आईला सांग, उद्या परत येताना तिनं गाडीत माज्या बाजूला बसायचं, नि बोलायचं हळू."